क्रौंचांच्या वाटेवरचा मेळावा

मित्रहो, निसर्गछायाचित्रकारांच्या वार्षिक मेळाव्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती नव्या कॅमेऱ्यांची आणि बक्षिसांची. आज मी ज्या मेळाव्याविषयी बोलणार आहे, तिथे विक्रीची दालनेही असतात आणि स्पर्धाही असते. पण तिथे जाऊन आल्यापासून माझे मत असे झाले आहे की, छायाचित्र कोणत्या मार्गाने मिळवले हे चारचौघांत विचारण्याची आणि सांगण्याची सवय लावणे, हेच अशा मेळाव्याचे पहिले काम आहे.

ईशान्य फ्रान्समधल्या माँत्ये-आँ-देर या गावी हा मेळावा नोव्हेंबरात भरतो. १९९७ मध्ये त्याची सुरुवात झाली. गाव आपल्या मोठ्या खेड्याएवढे, वस्ती दोन हजारांच्या आसपास. पण त्या चार दिवसांत तिथे हजारो माणसे लोटतात आणि जुन्या अश्वशाळेच्या आवारापासून गावातल्या सभागृहांपर्यंत जागोजागी छायाचित्रांची प्रदर्शने लागतात. इतक्या आडगावी हे का, याचे उत्तर जवळच्या तळ्यात आहे. पॅरिसला मार्न नदीच्या पुराचा तडाखा बसू नये म्हणून १९७४ मध्ये सुमारे ४,८०० हेक्टरांचा देरचा जलाशय बांधून पूर्ण झाला आणि त्याखाली तीन गावे गेली. हिवाळ्या-वसंतात नदीचे जादा पाणी त्यात साठवतात आणि उन्हाळ्यापासून पुढे ते हळूहळू सोडतात. त्यामुळे नोव्हेंबरात पाणी खूप खाली गेलेले असते आणि मैलोगणती चिखल उघडा पडतो. उत्तर युरोपातून स्पेनकडे निघालेल्या क्रौंचांना नेमके हेच हवे असते. घोटाभर पाण्यात उभे राहून रात्र काढली की कोल्ह्याची भीती उरत नाही, आणि दिवसा आसपासच्या कापणी झालेल्या मक्याच्या शेतांत दाणे मिळतात. २०१९ च्या नोव्हेंबरात तिथे दोन लाखांहून अधिक क्रौंच मोजले गेले होते.

पहाटे बंधाऱ्यावर उभे राहिले की पक्षी दिसण्याच्या कितीतरी आधी त्यांचा कर्णा ऐकू येतो. मग फटफटताना एकेक माळ उठते, माना पुढे ताणलेल्या, पाय मागे सरळ, आणि डोक्यावरून शेतांकडे जाते. पक्षी स्वतःच्या वेळेला उठतात. त्यांना उठवायला कोणी पाण्यात उतरत नाही. बंधाऱ्यावर हजर राहणे आणि वाऱ्याचा अंदाज घेणे, एवढेच माणसाच्या हाती असते.

तिथून गावात येऊन प्रदर्शन पाहताना नजर आपोआप बदललेली असते. भिंतीवरचे मोठे प्रिंट माणसे नाक टेकेल इतक्या जवळून पाहतात आणि बाजूलाच ते टिपणारा उभा असतो. एका घुबडाच्या छायाचित्रापुढे एक शाळकरी मुलगी त्याला विचारत होती, आमिष म्हणून उंदीर तुम्ही ठेवला होता का? तो रागावला नाही. उंदीर आपला नव्हता, झाडाखाली लपण, म्हणजे लपून बसायचा आडोसा, उभारले होते आणि पक्षी त्याला सरावेपर्यंत कॅमेरा बाहेर काढला नव्हता, हे त्याने सविस्तर सांगितले. हा प्रश्न फार मोलाचा आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जगप्रसिद्ध स्पर्धेत २००९ चे सर्वोच्च बक्षीस मिळालेले, फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचे छायाचित्र जानेवारी २०१० मध्ये बाद करावे लागले, कारण तो लांडगा बहुधा माणसाळवलेला असावा, अशा निष्कर्षाला परीक्षक आले होते. छायाचित्रकाराने हे नाकारले; पण परीक्षकांच्या मनात शंका आली ती बक्षीस जाहीर झाल्यानंतर, हे लक्षात घ्या.

आपल्या परंपरेतही हा प्रश्न आहे. सालिम अलींबरोबर हिंडून सिंगापूरचे उद्योगपती आणि पक्षीछायाचित्रकार लोक वान थो यांनी भारतात पक्ष्यांची जी अप्रतिम छायाचित्रे घेतली, त्यांतली पुष्कळशी घरट्यापाशी घेतलेली आहेत. त्या काळी फिल्म मंद होती, म्हणजे तिला भरपूर उजेड लागे, उपकरणे जड होती, आणि पक्षी हमखास परत येईल अशी जागा म्हणजे घरटेच. आजच्या कॅमेऱ्यांनी ती अडचण संपवली आहे. तरीही घरट्यासमोरच्या फांद्या छाटून पिल्लांना उन्हात उघडे पाडणारी माणसे मी पाहतो, तेव्हा मला ते मुळीच क्षम्य वाटत नाही.

आता आपल्या भिगवणकडे पाहा. भीमेवरच्या उजनी धरणाने गावे बुडवली, आणि उन्हाळ्याकडे पाणी ओसरते तेव्हा पळसदेवचे देऊळ वर येते, चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) त्यात चोची बुडवून चरत असतात. पण त्यांच्या गुलाबी पंखांचे उड्डाण मिळावे म्हणून होडी थेट थव्यावर घालायला सांगणारे पर्यटक तिथे असतात. रोहित पक्ष्याला हवेत जाण्यासाठी पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो. दिवसभरात असे पुन्हापुन्हा उठवले, तर चरायचा वेळ आणि अंगातली ताकद दोन्ही वाया जातात. होडीवाल्याला हे चांगले कळते, पण भाडे देणाऱ्याला नाही म्हणणे त्याला एकट्याला जड जाते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, आपल्या मंडळाने पुढचा मेळावा पुण्याच्या सभागृहात न घेता फेब्रुवारीत भिगवण-कुंभारगावच्या बाजूला घ्यावा. प्रिंट तिथल्या शाळेच्या वर्गांत लावावेत, प्रत्येक प्रिंटखाली होडी किती अंतरावर होती ते लिहावे, आणि पहिले भाषण तिथल्या एखाद्या अनुभवी होडीवाल्याचे ठेवावे. थव्यापासून किती अंतर राखायचे हे त्यानेच ठरवावे आणि आपण सर्वांनी ते तिथेच, त्याच्यासमोर मान्य करावे.