१४८ विरुद्ध ५

मंडळी, ट्रिस्टन दा कुन्हा हे दक्षिण अटलांटिकमधलं बेट. विमानतळ नाही; केपटाउनहून बोटीने निघालात की जवळपास आठवडा समुद्रावर. वस्ती जेमतेम अडीचशेच्या आसपास. तिथला इतिहास म्हटलं की लोक वादळं आणि फुटलेली जहाजं सांगतात. मला त्यातले दोन कागद जास्त मोलाचे वाटतात : एक करार आणि एक मतपत्रिका.

१८१६ साली ब्रिटिशांनी इथे फौज आणून ठेवली. कारण ऐकाल तर हसाल. नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत होता आणि फ्रेंच लोक ट्रिस्टनचा अड्डा करून त्याला सोडवतील, ही धास्ती! दोन बेटांत अंतर दोन हजार किलोमीटरांहून जास्त. पुढच्याच वर्षी फौज माघारी गेली. विल्यम ग्लास नावाचा स्कॉटिश कॉर्पोरल मात्र बायकामुलांसह मागे राहिला, सोबत दोन गवंडी. ७ नोव्हेंबर १८१७ ला त्यांनी करार लिहिला : गुरंढोरं आणि सामान समाईक, नफ्यात सारखा वाटा, आणि कोणी कोणाचा वरिष्ठ नाही. हुकमाच्या ताबेदारीत वावरलेल्या शिपायाने हे शेवटचं कलम मान्य करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. हे नुसतं कागदावरही राहिलं नाही. आजही तिथली जमीन समाईक आहे, बाहेरच्याला ती विकत मिळत नाही. एखादंच घर गबर होऊ नये म्हणून कोणी किती जनावरं पाळायची, यालाही मर्यादा आहे.

अर्थात, १८२७ मध्ये एकट्या पुरुषांसाठी सेंट हेलेनाहून पाच बायका आणवल्या गेल्या. त्या करारावर त्यांच्या सह्या नव्हत्या, हेही ध्यानात असू द्या.

नोव्हेंबर १८८५ मध्ये ‘वेस्ट रायडिंग’ हे जहाज दिसलं. देवघेवीच्या आशेने १५ पुरुष एका होडीतून त्याच्याकडे निघाले. एकही परतला नाही. कर्ते हात असे एका दिवसात गेले, तरी वस्ती मोडली नाही.

मग ऑक्टोबर १९६१. गावाला लागूनच ज्वालामुखी फुटला. सगळ्या बेटकरांना इंग्लंडला नेलं, साउदॅम्प्टनजवळ कॅलशॉटला ठेवलं. नोकऱ्या मिळाल्या, विजेचे दिवे आले, टीव्ही आला. आता ही माणसं इथेच रुळतील, असा सरकारी होरा होता. पण तिथले आजार त्यांना झेपेनात, धावपळ मानवेना. डिसेंबर १९६२ मध्ये त्यांनी मतदान केलं : परतण्याच्या बाजूने १४८, विरोधात ५.

१९६३ मध्ये बहुतेक सगळे परतले. गाव जवळपास शाबूत होतं, पण लाव्हाने माशांचा कारखाना गिळला होता. आता इंग्लंडची चव चाखलेले काहीजण पुढे पुन्हा तिकडे गेलेही. त्यांना मी दोष देणार नाही. राहिलेल्यांनी कारखाना पुन्हा उभा केला, आणि १९६७ पर्यंत नवं बंदरही झालं. त्याचं नाव कॅलशॉट.