सकाळी सहाची हवा

(ड्रोन. चेंबूर, जानेवारी, पहाट)

हे धुकं नाहीये. पहिल्या दिवशी शूट करताना आम्हालाही वाटलं की काय भारी, एकदम महाबळेश्वर फील आलाय, पण सव्वासहा वाजलेत आणि हे चेंबूर आहे, ही जी राखाडी पट्टी बिल्डिंगांच्या कमरेला अडकलीये ना, ती धूळ आणि धूर आहे.

(ताई चालताना, पाठमोऱ्या)

ह्या ताई. नाव सांगणार नाही, चेहराही दाखवणार नाही, तसं ठरलंय आमचं. त्यांना ल्युपस आहे. म्हणजे रोगांशी लढायला जी फौज शरीरात असते ती घरच्याच माणसांवर उलटते, सांधे, कातडी, किडनी, काहीही सोडत नाही. दहा पेशंटमधे नऊ बायका असतात. गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा येतो तो बऱ्याच जणांनी फोटोत पाहिला असेल. आणि ह्या आजाराला ऊन चालत नाही, उन्हाने आजार उसळतो, म्हणून ताईंना सांगितलेलं की चालायला जायचं तर ऊन यायच्या आधी जा.

म्हणजे नेमकं आत्ता.

(वरळी कोळीवाडा, होड्या, मागे सी लिंक)

आता जरा वाऱ्याकडे जाऊ, कारण मुंबईची हवा वाऱ्यावर चालते आणि हे कोळ्यांना आपल्या ॲप्सच्या कितीतरी आधीपासून माहितीये. हे तांडेल काका हात करून दाखवतायत बघा. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र गरम राहतो, मग जमिनीवरून समुद्राकडे वारं सुटतं, ते मतलई. दिवसा उलटं, जमीन तापते आणि समुद्रावरून खारं वारं आत येतं. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा मतलईवर बाहेर जायचं आणि खाऱ्यावर परत यायचं असा हिशोब असायचा. शहराची झाडलोट हेच खारं वारं करतं. पण थंडीत ते उशिरा सुटतं, पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते, वर गरम हवेचं झाकण, आणि रात्रभरात जे काही उडालं ते सगळं त्या झाकणाखाली, आपल्या नाकाच्या उंचीवर.

(आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटचा प्लांट, डंपर, स्लो मोशन)

आणि काय काय उडतं ते हे. हा शॉट घ्यायला आम्ही तीन दिवस समोरच्या गच्चीवर बसलो होतो. सिमेंटचा टँकर लागतो, पाइप जोडतात, वरून पांढरा लोट निघतो, मग मिक्सर भरून रस्त्यावर, टायरला लागलेला गाळ वाळतो आणि पुढच्या डंपरखाली त्याची पूड होते, परत उडते. २०२३च्या ऑक्टोबरमधे महापालिकेने नियम काढले, बांधकामाभोवती उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, गाड्यांची चाकं धुऊनच बाहेर सोडायची. नियम चांगले आहेत हो. हे टायर बघा. हे कापड बघा, केवढं भोक आहे. पलीकडे देवनारचा डोंगर, १९२७पासून कचरा येतोय तिथे, २०१६च्या जानेवारीत पेटला तेव्हा धूर उपग्रहातून दिसला होता.

(ॲनिमेशन)

ह्यावर पैसे खर्च झालेत तर नीट बघा. पीएम २.५, म्हणजे हवेतले एकदम बारीक कण, केसाच्या जाडीचा साधारण तिसावा भाग, नाकातल्या केसांना न जुमानता थेट फुप्फुसाच्या तळाला. तिथल्या पेशी त्याला शत्रू समजून हाकाटी करतात, सूज येते, पेशी मरतात, आणि ल्युपसमधे तर मेलेल्या पेशींतला डीएनए बघूनच फौज पिसाळते. मॉन्ट्रियलमधे २३७ ल्युपस पेशंट तपासले, तर हवेत हे कण वाढले की त्यांच्या रक्तात डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडीज जास्त सापडत होत्या, लघवीत किडनीच्या त्रासाच्या खुणाही. ब्राझीलच्या साओ पावलोमधे ल्युपसच्या मुलांवर नजर ठेवली, तिथे प्रदूषण वाढल्यावर साधारण १३ दिवसांनी आजार भडकण्याचा धोका वाढलेला दिसला. २०२४मधे ब्रिटनच्या साडेचार लाखांवर लोकांच्या डेटातून आलं की घाण हवेत राहणाऱ्यांना ल्युपस होण्याचं प्रमाणही जास्त. हा संबंध आहे, हवेनेच होतो असं शिक्कामोर्तब नाही, डॉक्टर हे दोनदा सांगतात म्हणून आम्हीपण सांगतोय.

डब्ल्यूएचओ म्हणतं पीएम २.५ची वर्षाची सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर नको. आपल्याकडे कायद्याने ४० चालतं.

(गोळ्यांचा डबा, हात)

मागच्या हिवाळ्यात ताईंच्या लघवीत प्रोटीन आलं, स्टेरॉइड वाढवलं, नोकरी सुटली.

(गॅलरी, दुपार)

मग चालायचं कधी? पहाटे ही हवा, आणि हवा जरा धुतली जाते तेव्हा डोक्यावर ऊन. मास्क लावतात, एन ९५, पण स्टेरॉइडने घाम फुटतो आणि दहा मिनिटांत तो ओला फडका होतो. ताईंनी आता स्वतःचंच टाइमटेबल काढलंय, गॅलरीत एक ओढणी वाळत घालतात, ती पश्चिमेकडून फडफडायला लागली की खारं आलं.

आज पावणेपाच वाजले. फुल बाह्या, सनस्क्रीन, काळी छत्री. वॉचमन विचारतो, ताई, पाऊस आहे का?

(लिफ्टचं दार बंद)