घर ज्याला हवंय तो मीटिंगला कुठंय?

नमस्कार मंडळी! आज घरांबद्दल बोलायचंय, म्हणजे घरांच्या किमतीबिमती नाही, तर आपल्या भागात कुठल्या प्रकारची घरं कमी पडतायत हे ठरवताना नेमकं कुणाला विचारलं जातं, त्याबद्दल.

नेहमी काय होतं बघा, नोटीस लागते, संध्याकाळी हॉलमध्ये खुर्च्या मांडतात, माइक येतो, भिंतीवर नकाशा लागतो आणि बोलायला उठतात ते बहुतेक ज्यांच्याकडे घर आधीच आहे ते. हे मी उगाच म्हणत नाहीये हां. अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या ९७ शहरांतल्या आणि गावांतल्या अशा सभांची इतिवृत्तं संशोधकांनी तपासली, तर बोलणाऱ्यांत वयाने मोठे, पुरुष आणि स्वतःचं घर असलेले लोक तिथल्या मतदारांच्या मानाने जास्त निघाले, आणि निम्म्याहून जास्त जण नवीन घरांच्या विरोधातच बोलले होते. त्यांची काळजी खोटी असते असं अजिबात नाही, पार्किंग, पाणी, शाळेतली गर्दी हे प्रश्न खरेच आहेत. पण जी बाई शिफ्टला गेलीय, जिचं तान्हं बाळ आहे, जो मुलगा लग्न होऊनही आईवडिलांच्या दोन खोल्यांत राहतोय, जी आजी जिना चढता येत नाही म्हणून महिनोन्महिने खाली उतरलेली नाही, त्यांचं कोण बोलणार? आणि जे अजून इथे राहायला आलेच नाहीत, घर मिळेना म्हणून रोज लांबून कामाला येतात, त्यांना तर नोटीससुद्धा जात नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सगळ्यांनी हॉलमध्ये यावं अशी वाट बघत बसू नका, विचारणाऱ्यांनीच उठून जावं. शाळा सुटताना गेटपाशी, दवाखान्याच्या बाकावर, बस स्टॉपवर. आणि मीटिंग घ्यायचीच असेल तर मुलं सांभाळायला कुणीतरी ठेवा, दोन वेगळ्या वेळा ठेवा, लोकांना कळेल त्या भाषेत बोला.

प्रश्नसुद्धा नीट विचारायला हवा. “तुम्हाला किती खोल्यांचं घर हवं?” असं विचारलं की लोक मनातलं स्वप्न सांगतात. त्यापेक्षा विचारा की आत्ता घरात कोण कुठे झोपतं, मागचं घर का सोडावं लागलं, भाडं भरल्यावर कुठल्या खर्चाला कात्री लागते. गरज खरी तिथे कळते.

एक गोष्ट मला फार आवडते, चिलीमधल्या इकिके शहरातली. तिथे साधारण शंभर कुटुंबं एकाच जागेवर तीसेक वर्षं राहत होती, त्यांना तिथेच घरं द्यायची होती आणि पैसे फार कमी होते. वास्तुविशारद आलेहान्द्रो अरावेना आणि त्यांच्या टीमने कुटुंबांसोबत बसून चर्चा केली. उंच बिल्डिंग लोकांनी नाकारली, कारण तिथे पुढे घर वाढवता येत नाही. मग २००४ साली जी घरं झाली ती अर्धी बांधलेली होती, उरलेलं अर्धं ज्याने त्याने जमेल तसं वाढवायचं. त्याच चर्चेत विचारलं होतं, बाथटब की गीझर? बाहेरच्या जाणकारांना वाटायचं गीझरच मागतील, पण कुटुंबांनी बाथटब घेतला, कारण राहायला गेल्या गेल्या गॅसचं बिल भरायला पैसे नसणार होते. हे ऑफिसात बसून कुणाला सुचलं असतं का सांगा!

आणि हो, ऐकून घेतल्यावर परत जाऊन सांगायचं असतं, हे बरेच जण विसरतात. तुमचं हे घेतलं, हे नाही घेतलं, का नाही घेतलं. नकार चालतो हो लोकांना, पण फॉर्म भरून घेऊन वर्षभर कुणी फिरकलंच नाही तर पुढच्या वेळी कोण दार उघडेल? आणि सगळं आधीच ठरलेलं असेल तर तसं स्पष्ट सांगा, फक्त सह्यांसाठी लोकांना बोलावू नका.

तुम्ही ऐकणाऱ्यांनीही एक करा. पुढच्या मीटिंगची नोटीस दिसली की शेजारी जे भाड्याने राहतात त्यांचं दार वाजवा, त्यांना यायला जमत नसेल तर त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि तिथे वाचून दाखवा, फक्त त्यांचं नाव घ्यायचं की नाही ते आधी त्यांना विचारून घ्या, कारण घरमालकही बहुतेक तिथेच समोर बसलेला असेल.