लांबचा माग

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर उभे आयुष्य काढलेले हे मामा तुटलेला धागा आजही हातासरशी जोडतात, मात्र त्याच रांगेतला शेवटचा माग त्यांना दोन दिसतो. मधुमेहामुळे, डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या सहाव्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा कमी पडला आणि त्यांचा डावा डोळा किंचित नाकाकडे कलला. जवळचे पाहताना डोळे एरवीही आत वळतात, म्हणून धागा एकच राहतो. लांबचे पाहताना ते समांतर व्हावे लागतात, आणि तिथे डावा डोळा मागे पडतो. कोणताही एक डोळा झाकला की दुसरा माग नाहीसा होतो.

गड्ड्याच्या यात्रेसाठी आलेल्या भाच्याने व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग पाहायचे यंत्र, आणला होता. तो चढवताच समोरचा डोंगर दोन झाला, हाताजवळचा चेंडू मात्र एकच राहिला. भाच्याने भिंगांमधले अंतर कमी-जास्त करून पाहिले, पण ती सोय दोन बुबुळांमधल्या अंतरासाठी असते, जे प्रौढांमध्ये सरासरी 63 मिलिमीटर भरते; डोळा कोणत्या दिशेला कलला आहे, याच्याशी तिचा संबंध नाही.

ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टोन यांनी 1838 मध्ये सपाट चित्रांत जवळ-लांबचा भास घडवणारा स्टिरिओस्कोप जगापुढे ठेवला, तेव्हापासून युक्ती तीच आहे: प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे चित्र द्यायचे आणि जुळवण्याचे काम मेंदूवर सोपवायचे. डोळेच एका जागी रोखले जात नसतील, तर मेंदू जुळवणार तरी काय? तिरळेपणा म्हणजे दोन दिसणारच, असे मात्र नाही. तो लहानपणापासून असेल, तर मेंदू बहुधा एका डोळ्याचे चित्र बाजूला सारायला शिकलेला असतो. अशा माणसाला हेडसेटमध्ये चित्र एकच दिसते, फक्त जवळ-लांबच्या भासाची गंमत हाती लागत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर प्रकाश वळवणाऱ्या प्रिझमची पातळ, बारीक रेघांची प्लॅस्टिक चकती चिकटवून दिली आहे. अचानक दोन दिसू लागले, तर तपासणी लांबवायची नसते, हे त्यांना तिथेच कळले. तो चष्मा हेडसेटच्या आत जपून बसवला, कारण काचेला काच घासली तर दोन्हींवर ओरखडे पडतात. डोंगर एक झाला, किंचित धूसर, पण एक. डावीकडे नजर टाकताच तो पुन्हा फाटला. मग मामांनी डोळे स्थिर ठेवून सगळी मानच डावीकडे वळवली.