नाल्याचं पाणी, शिसं आणि शेणखत

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

शहराच्या खालच्या अंगाला नाल्यात मोटार टाकून ज्यांची पालक-मेथी पिकते, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. सांडपाण्यातल्या नत्रामुळे पीक जोमदार येतं खरं; पण त्यात कारखान्यांचं पाणी मिसळलं असेल, तर शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम हेही वाफ्यात उतरतात. हे जड धातू कुजत नाहीत. वर्षानुवर्षं मातीच्या वरच्या थरात साचत राहतात.

शेणखत टाकलं की जमीन शुद्ध होते, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. तसं होत नाही. धातू जमिनीतच राहतो. चांगल्या कुजलेल्या खतातला ह्युमस, म्हणजे पूर्ण कुजून उरलेला काळसर भाग, त्याला बांधून ठेवतो, त्यामुळे मुळांना तो कमी मिळतो. क्रोमियमच्या बाबतीत तर त्याचं अतिविषारी रूप सेंद्रिय पदार्थांमुळे कमी घातक रूपात बदलतं.

पण आपल्या उन्हात सेंद्रिय कर्ब भराभर संपतो, आणि तो संपला की धातूवरची पकड सुटते. म्हणून एकदाच चार गाड्या ओतून भागत नाही. खत दरसाल हवं, मधे हिरवळीचं खत म्हणून ताग नाहीतर धैंचा गाडायला हवा. देशावरच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीचा सामू (आम्लता मोजणारा pH) बहुधा 7.5 च्या वर असतो, तिथे शिसं-कॅडमियम फारसं हलत नाही. कोकणातली तांबडी जमीन आम्ल; तिथे माती तपासून खताबरोबर चुनाही द्यावा लागतो.

आता खत कुठलं घेता, तेही बघा. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट स्वस्तात बांधावर येतं. पाटीभर पसरून पाहा. घड्याळाचा सेल, ट्यूबलाइटची काच, रंगाचे पोपडे दिसले तर गाडी परत पाठवा. खत नियंत्रण आदेशानुसार या कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम 5, शिसं 100 आणि पारा 0.15 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तपासणीचा कागद मागायला लाजू नका.

मृद आरोग्य पत्रिकेवर 12 गोष्टी असतात, पण शिसं आणि कॅडमियम त्यांत नाहीत. जड धातूंची तपासणी प्रयोगशाळेत वेगळी सांगावी लागते. नमुना घ्यायला जस्ताचं घमेलं नको, प्लास्टिकची बादली घ्या. निकाल येईपर्यंत त्या तुकड्यात पालेभाजी नको, कारण कॅडमियम पानांत जास्त चढतं. झेंडू किंवा शेवंती लावा, फुलांनाही बाजार आहे.

नमस्कार.