बहात्तर पिंटांचे पिंप

इंग्लंडमधील शेफील्ड शहरात रेल्वेने येणाऱ्या परक्या माणसाला चांगला पब शोधण्यासाठी स्थानकाबाहेरही पडावे लागत नाही. १९०४ सालचे, अनेक वर्षे बंद पडून राहिलेले उपाहारगृह दुरुस्त करून २००९ मध्ये पहिल्या फलाटावर ‘शेफील्ड टॅप’ सुरू झाला. इतर गावांत मात्र पारख आपली आपल्यालाच करावी लागते, आणि ती करण्यासाठी रिअल एल ही काय चीज आहे हे आधी समजून घेतलेले बरे.

ही बीअर पिंपात भरल्यावरही जिवंत असते. तिच्यातील यीस्ट काढून टाकलेले नसल्यामुळे पबच्या तळघरात ती आंबत आणि मुरत राहते, आणि बाहेरून वायूचा दाब न देता हँडपंपाच्या दांड्याने वर ओढून ग्लासात उतरवली जाते. ती अकरा ते तेरा अंशांवर, म्हणजे तळघराच्या गारव्यात पितात. बर्फासारख्या थंड बीअरची सवय असलेल्या आपल्या माणसाला पहिला घोट कोमट वाटतो, पण तो दोष नव्हे.

खरा मुद्दा पिंपाचा आहे. नेहमीच्या ‘फर्किन’ पिंपात नऊ गॅलन, म्हणजे बहात्तर पिंट (एक पिंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे जास्त) मावतात, आणि एकदा उघडले की हवा लागून तीनेक दिवसांत चव उतरू लागते. याचा अर्थ प्रत्येक हँडपंपामागे रोज सुमारे चोवीस पिंट खपले पाहिजेत. दहा हँडपंप दिमाखात मिरवणाऱ्या पण मंगळवारी संध्याकाळी चारच गिऱ्हाइके असलेल्या पबपेक्षा तीनच हँडपंप असलेला गजबजलेला पब जवळ करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९७१ मध्ये चौघा मित्रांनी स्थापन केलेली ‘कॅम्रा’ ही ग्राहक संघटना दरवर्षी ‘गुड बीअर गाइड’ काढते. त्यात सुमारे साडेचार हजार पब असतात आणि त्यांची निवड स्थानिक सदस्य स्वतः पिऊन करतात. ही मार्गदर्शिका सोबत अवश्य ठेवावी; मात्र ती छापून झाल्यावर पब चालवणारा बदललेला असू शकतो, म्हणून आत शिरल्यावर नियमित येणारी मंडळी काय पीत आहेत हे पाहावे आणि थोडी चव मागावी. चांगल्या पबमध्ये ती बहुधा विनातक्रार मिळते. व्हिनेगरसारखा वास आला, तर ग्लास शांतपणे परत करावा. दाट फेसावर मात्र भरवसा ठेवू नये, कारण उत्तर इंग्लंडमध्ये तो नळीच्या तोंडाशी लावलेल्या बारीक छिद्रांच्या टोपीमुळेही येतो.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना: एल नितळ करण्यासाठी पूर्वापार माशाच्या वाताशयापासून बनवलेला पदार्थ वापरतात. तो न वापरता केलेली एल गढूळ दिसू शकते, तेव्हा गढूळपणा पाहून लगेच नाक मुरडू नये, आधी विचारावे.

शेफील्ड स्थानकापासून पायी अर्ध्या तासाच्या आत केलहॅम आयलंड लागते. डॉन नदीचे पाणी गिरण्यांसाठी कालव्यात वळवल्यामुळे तयार झालेले हे बेट एके काळी पोलादाच्या कारखान्यांनी भरलेले होते. येथील ‘फॅट कॅट’ १९८१ मध्ये सुरू झाला; त्याच्या आवारात १९९० मध्ये निघालेल्या ब्रुअरीची ‘पेल रायडर’ २००४ मध्ये ब्रिटनची सर्वोत्कृष्ट बीअर ठरली. जवळच्याच ‘केलहॅम आयलंड टॅव्हर्न’ने २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षे कॅम्राचा राष्ट्रीय पुरस्कार पटकावला.

अशा पबमध्ये संध्याकाळी कधीतरी एखाद्या हँडपंपावरची नावाची पट्टी उलटी फिरवली जाते. नवख्याला त्यात उणीव दिसते. जाणकार मात्र समजतो, की येथे पिंप वेळेत संपले आहे आणि खाली तळघरात गाळ बसून नितळ झालेले दुसरे पिंप जोडले जात आहे.