मार्सेय ते बसरा : वाटेवरची फौज

नमस्कार श्रोतेहो.

२३ ऑक्टोबर १९१५ रोजी लंडनहून हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयना एक तार आली. तिचा मथितार्थ असा होता : हाताशी असलेली फौज पुरेशी आहे अशी इराकमधल्या फौजेचे सरसेनापती जनरल निक्सन यांची खात्री असेल, तर त्यांनी बगदादवर चालून जावं. फ्रान्समधल्या दोन हिंदी डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांच्या दोन मोठ्या तुकड्या, शक्य तितक्या लवकर त्यांच्याकडे पाठवल्या जातील. या तारेची किंमत आपल्याकडच्या किती घरांनी मोजली, हे आज तुम्हांला सांगायचं आहे.

पहिल्या महायुद्धाला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. हिंदी फौज समुद्रापार दोन ठिकाणी लढत होती. लाहोर आणि मीरत या डिव्हिजन सप्टेंबर १९१४च्या अखेरीपासून फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरू लागल्या आणि अंगावरच्या सुती कपड्यांनिशी युरोपच्या हिवाळ्यात खंदकांत शिरल्या. लाहोर डिव्हिजनमध्ये आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. पूल बांधणं, सुरुंग लावणं हे त्यांचं काम. पण २८ ऑक्टोबर १९१४ला न्यूव्ह-शापेल गावावर हल्ला करायला माणूस कमी पडला, तेव्हा त्यांना ४७ क्रमांकाच्या शीख पलटणीच्या बरोबरीनं संगिनी देऊन पुढे धाडलं. त्या एका दिवसात त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले.

दुसरी आघाडी मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची. तिथे होती सहावी डिव्हिजन, पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या, आणि खडकीच्याच १७ व २२ क्रमांकाच्या कंपन्याही. फ्रान्सचं युद्ध लंडन चालवत होतं, मेसोपोटेमियाचं सिमल्याचं हिंदुस्थान सरकार. खडकीचे जवान मात्र दोन्हीकडे मरत होते.

मग एकाएकी बगदाद कशाला? तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत ब्रिटिशांचं तुर्कांपुढे काही चालत नव्हतं, पूर्वेत अब्रू जात होती, आणि बगदादचं नाव मोठं होतं. पुणे डिव्हिजनचे सेनापती टाउनशेंड यांनी सुचवलं होतं, की बगदादच्या अलीकडे, टायग्रिस नदीवरच्या कुत गावीच थांबावं. पुढे जायचं तर दोन डिव्हिजन हव्यात. त्यांचं ऐकलं गेलं नाही. येणाऱ्या मदतीच्या भरवशावर ही एकच थकलेली डिव्हिजन पुढे निघाली. २२ नोव्हेंबरला बगदादजवळ टेसिफोनला तुर्कांशी गाठ पडली आणि साडेचार हजारांच्या आसपास माणूस मेला किंवा जखमी झाला. उरलेले लढत लढत मागे हटले. ३ डिसेंबरला ते कुतमध्ये पोचले, ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पूर्ण झाला. आणि फ्रान्सहून येणारी मदत? तिचा बराचसा भाग अजून जहाजांवर होता.

श्रोतेहो, नकाशावर मार्सेयवरचं बोट उचलून बसऱ्यावर ठेवायला क्षणही लागत नाही. पण इराकचं बंदर असलेल्या बसऱ्याला तेव्हा मोठ्या जहाजांसाठी धक्काच नव्हता. जहाजं नदीच्या मध्यावर नांगर टाकायची आणि सगळा माल देशी होड्यांत उतरवावा लागायचा. तिथून कुत नदीच्या वळणावळणांनी चारशे किलोमीटरहून लांब. रेल्वे नाही, धड रस्ता नाही, पावसात सगळा चिखल. नदीत चालतील अशा उथळ आगबोटी मोजक्याच. त्यामुळे माणसं पुढे गेली आणि त्यांच्या तोफा, खेचरं, दवाखाने बसऱ्याला पडून राहिले. ज्या अधिकाऱ्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या तुकड्या एकत्र जोडून ब्रिगेडी उभ्या केल्या गेल्या.

एवढी घाई का? कुतमधला शिधा जेमतेम दोन महिने पुरेल, असं टाउनशेंड यांनी कळवलं होतं. म्हणून कुतच्या सुटकेला निघालेल्या फौजेचे सेनापती जनरल एलमर यांनी जेवढी माणसं येतील तेवढी घेऊन हल्ले चालू केले. जानेवारी १९१६मध्ये कुतच्या वाटेवर शेख साद, मग वादी, आणि २१ तारखेला हन्ना इथे लढाया झाल्या. हन्नाच्या एका दिवसात सुमारे २७०० माणूस गेला किंवा घायाळ झाला. पाऊस पडत होता, रात्री थंडीनं कडेलोट केला, जखमी चिखलात तसेच पडून राहिले. फ्रान्समधून आलेल्या ४१ क्रमांकाच्या डोग्रा पलटणीतला लान्स नाईक लाला यानं आपल्या अंगावरचे कपडे काढून एका जखमी अधिकाऱ्याला पांघरले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आणि यानंतर, जानेवारी सरता सरता, कुतहून निरोप आला : गावात झडती घेतली, धान्य सापडलं, आता ८४ दिवस काढता येतील! हीच झडती डिसेंबरात झाली असती तर एलमरना तोफांची, खेचरांची वाट पाहता आली असती. हे वाचताना माझा संताप आजही कमी होत नाही.

सुटकेच्या प्रयत्नांत २३ हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. आत मराठा शिपाई जवाच्या भाकरीवर दिवस काढत होते. घोड्याचं मांस खायला अनेक हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे नकार दिला, सकस अन्नाअभावी होणारा स्कर्व्ही हा रोग पसरला. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ला कुत पडलं. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यांतली हजारो परत आली नाहीत.

चौकशी पुढे झाली. १९१७मध्ये मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. दरम्यान लंडननं ही आघाडी स्वतःच्या हातात घेतली, धक्के बांधले, रेल्वे टाकली, बोटी आणल्या; मार्च १९१७मध्ये बगदाद पडलं. पण जवानांची ओढाताण थांबली नाही. १९१८च्या सुरुवातीच्या महिन्यांत लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन पॅलेस्टाइनला हलवल्या. तिथल्या गोऱ्या पलटणी फ्रान्सला हव्या होत्या. खडकीच्या २० आणि २१ कंपन्यांची ही तिसरी आघाडी.

एक गोष्ट मला विशेष टोचते. फ्रान्समध्ये पडलेल्या आणि कबर नसलेल्या ४७००हून अधिक हिंदी जवानांची नावं न्यूव्ह-शापेलच्या स्मारकावर कोरली आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आली. साध्या शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा दिला गेला. एकाच कंपनीतले दोन जवान, एक फ्रान्समध्ये गेला, एक हन्नाला. एकाचं नाव राहिलं, दुसऱ्याचा आकडा.

म्हणून एक विनंती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या तुमच्यापैकी कुणाच्या घरी पणजोबांचं जुनं गोल पदक असेल, तर ते उजेडात आडवं धरून त्याची कड बघा. त्या महायुद्धाच्या पदकांवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत कडेवर उमटवलेली असते. ती वाचा आणि घरातल्या मुलांच्या वहीत मराठीत उतरवून ठेवा.

नमस्कार.